सिनेमाचा सातबारा कोणाच्या नावावर?

सावकाश_पहा (धागाकर्ता)

मंडळी, डोकं भणभणलंय म्हणून धागा काढतोय.

आमचा पंचवीस-तीस जणांचा फिल्म क्लब आहे. महिन्याला एक जुना सिनेमा आणि नंतर गप्पा, एवढाच कारभार. या वेळी एक कृष्णधवल सिनेमा दाखवायचं ठरलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, बोलणी अजून चालू आहेत. या सिनेमाची रिस्टोअर केलेली प्रत चार वर्षांपूर्वी एका महोत्सवात दाखवली होती. जे पाहून आले ते अजून त्याबद्दल बोलतात. त्यानंतर सिनेमा गायब. ना थिएटरात, ना ओटीटीवर, ना डिस्कवर.

ज्या संग्रहालयाने ती प्रत केली त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'प्रत आमच्याकडे आहे, पण प्रदर्शनाची परवानगी देण्याचा अधिकार आम्हाला नाही. हक्कधारकांना विचारा.' हक्कधारक म्हणजे निर्मात्याची मुलगी. बाई सत्तरीच्या आहेत, बोलायला अगदी मोकळ्या. म्हणाल्या, 'दाखवा की! पण ती नवी प्रत आम्ही अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. माझ्याकडे डीव्हीडीची जुनी मास्टर आहे, ती देते.'

म्हणजे वस्तू आहे तिथे हक्क नाही आणि हक्क आहे तिथे वस्तू नाही. असं कसं होऊ शकतं? आणि आम्ही आता काय करायचं?

वाचनमात्र

रोचक. खुर्ची टाकून बसलोय.

रीळवाला

धागाकर्ते, तुमचं हे आश्चर्य गोड आहे. मी वितरणाच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, त्यातली निम्मी पेट्या चढवण्या-उतरवण्यात. जुन्या सिनेमाच्या बाबतीत तुम्ही सांगताय ती परिस्थिती अपवाद नाही, तीच रीत आहे.

सिनेमाचे हक्क म्हणजे जुन्या जमिनीचा सातबारा. मालक एक, कूळ दुसरं, विहिरीत हिस्सा तिसऱ्याचा, बांधावरच्या आंब्यावरून चौथ्याशी भांडण. वितरणाचा हक्क तीन बाजूंनी कापला जातो: कुठे, किती वर्षं आणि कोणत्या माध्यमात. निर्माता बहुतेक वेळा पैशाच्या ओढाताणीत असतो, त्यामुळे सिनेमा पुरा व्हायच्या आधीच एकेक सर्किट, म्हणजे वितरणाचा एकेक विभाग, विकलं जातं. एकाने मिनिमम गॅरंटी (किमान रकमेची हमी) दिली, दुसऱ्याने ॲडव्हान्सवर घेतलं, तिसऱ्याने आउटराइट (एकरकमी) उचललं. परदेश वेगळा. 16 मिमीचे हक्क वेगळे. पुढे व्हिडिओ आला तो वेगळा, सॅटेलाइट आला तो वेगळा. प्रत्येक वेळी नवा कागद. आधीच्या कागदात काय लिहिलंय ते नव्या कागदवाल्याने वाचलेलं असेलच असं नाही.

आता निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फिल्म. ती निर्मात्याच्या घरी कधीच नसते, लॅबमध्ये असते. बिल थकलं की लॅब ती सोडत नाही. कर्ज काढताना फायनान्सर तीच तारण धरतो. पुढे निर्माता वारतो, लॅबला टाळं लागतं, गोदामवाला भाड्यासाठी तगादा लावतो आणि शेवटी कोणीतरी भला माणूस ते डबे एखाद्या संग्रहालयात नेऊन टाकतो. डबे तिथे पोचले तरी मालकी पोचत नाही. ती वारसांकडे असते, आणि डबे कुठे आहेत हे कित्येकदा वारसांनाच ठाऊक नसतं.

बरं, हक्क एकाच्याच हातात असले म्हणून सिनेमा दिसेलच असंही नाही. हिचकॉकचे पाच सिनेमे, 'रोप', 'रिअर विंडो', 'द ट्रबल विथ हॅरी', 1956चा 'द मॅन हू न्यू टू मच' आणि 'व्हर्टिगो', कित्येक वर्षं बाजारातून बाहेर होते. त्यांचे हक्क खुद्द हिचकॉककडे परत आले होते आणि त्यांनी ते दाबून ठेवले. 1980 साली ते गेले, 1983-84 मध्ये पाचही सिनेमे पुन्हा थिएटरात लागले. एक पिढी 'व्हर्टिगो' न बघताच त्याबद्दल वाचत मोठी झाली.

फुकट_फौजदार

एवढं कशाला? 60 वर्षं झाली की सिनेमा सगळ्यांचा. यूट्यूबवर ढिगाने पडलेत. उतरवा आणि दाखवा.

उपकलम

फौजदार, हे वाक्य मी अशिलांकडून इतक्यांदा ऐकलंय की त्याची फी वेगळी लावायला हवी. (हलकेच घ्या.)

60 वर्षं हा भारतातला नियम. सिनेमा प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचं. म्हणजे 1960चा सिनेमा 2020च्या अखेरीपर्यंत संरक्षित. पण ही मुदत सिनेमा नावाच्या कृतीची. त्यातल्या गाण्याचे शब्द आणि चाल या स्वतंत्र कृती आहेत, त्यांची मुदत गीतकार आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. ज्या कादंबरीवर सिनेमा बेतला तिचंही तसंच. सिनेमा मोकळा झाला तरी त्याच्या पोटातल्या वस्तू मोकळ्या झालेल्या नसतात.

'इट्स अ वंडरफुल लाइफ'चं उदाहरण बघा. 1946चा सिनेमा, अमेरिकेत तेव्हाच्या कायद्याप्रमाणे 28 वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागे. 1974 साली तो झालाच नाही. सिनेमा मोकळा झाला. टीव्ही केंद्रांनी दर नाताळात तो इतका दाखवला की पहिल्यांदा फारसा न चाललेला हा सिनेमा घराघरात पोचला. मग 1993 मध्ये रिपब्लिक पिक्चर्स कंपनीने दावा सांगितला. मूळ कथा आमच्याकडे, संगीत आमच्याकडे, दोन्हींचे हक्क शाबूत. फुकटचे खेळ बंद.

या दाव्याला बळ मिळालं ते 'रिअर विंडो'च्या खटल्यातून. कथेचा लेखक नूतनीकरणाच्या आधीच वारला, नूतनीकरणाचा हक्क एका एजंटाने विकत घेतला आणि 1990 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. रीळवाल्यांनी सांगितलेल्या त्या पाचातलाच हा एक सिनेमा. म्हणजे हिचकॉकच्या पेटीतून बाहेर आला तो सरळ कोर्टात.

आणि 'मोकळा' म्हणजे कुठे मोकळा? 'मेट्रोपोलिस' हा 1927चा जर्मन सिनेमा. अमेरिकेत तो 1953 पासून मोकळा होता, 1996 मध्ये परदेशी कृतींसाठीच्या नव्या तरतुदीने पुन्हा कुलुपात गेला आणि 2023च्या पहिल्या दिवशी पुन्हा मोकळा झाला. जर्मनीत मात्र मुदत दिग्दर्शक, लेखक, संगीतकार यांच्यातल्या शेवटच्या माणसाच्या मृत्यूपासून 70 वर्षं. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग 1976 साली गेले, तेव्हा 2046 अखेरपर्यंत थांबा. एकच सिनेमा, एकाच दिवशी, एका देशात सार्वजनिक आणि दुसऱ्यात खासगी.

फुकट_फौजदार

बरं बाबा, चुकलं. पण ज्यांचं सगळंच संपलंय, कथा, गाणी, सगळं, त्यांचं तरी काय अडतं?

उपकलम

प्रताधिकार संपला की कॉपी करण्याची मनाई उठते. निगेटिव्हचा डबा उघडून द्यायची सक्ती मात्र कोणावरच येत नाही. डबा ही चीजवस्तू, तिची मालकी वेगळी. त्यामुळे मोकळ्या सिनेमाच्या चांगल्या प्रती फार थोड्या आणि वाईट प्रती अमाप, असं चित्र दिसतं.

गाळलेली_फ्रेम

आता माझ्या प्रांतात आलात. मी स्कॅनिंग आणि साफसफाईच्या कामात आहे, त्यामुळे 'रिस्टोअर्ड' या शब्दाने माझा रक्तदाब वाढतो.

आधी हिशोब बघा. 35 मिमीच्या एका फुटात 16 फ्रेम. मिनिटाला 90 फूट. दोन तासांचा सिनेमा म्हणजे 10,800 फूट, 1,72,800 फ्रेम. प्रत्येक फ्रेमचा पूर्ण आकाराचा फोर के (सुमारे चार हजार पिक्सेल रुंद) स्कॅन जवळपास 50 एमबीचा. एकूण साधारण नऊ टेराबाइट नुसता कच्चा माल. अजून एक ओरखडासुद्धा पुसलेला नाही.

स्कॅनच्याही आधी हातकाम असतं. रीळ टेबलावर घेऊन फूटफूट तपासायचं, तुटलेली परफोरेशनं (फिल्मच्या कडेची भोकं) जोडायची, जुने सांधे पक्के करायचे, फिल्म आक्रसली आहे का ते मोजायचं. 1950च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या 35 मिमी फिल्म नायट्रेटच्या, म्हणजे ज्वालाग्राही. नंतरच्या ॲसिटेटच्या. त्या पेटत नाहीत पण आंबतात. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. तो आला की समजायचं, घड्याळ सुरू झालंय. एक डबा शेजारच्या डब्यालाही नासवतो.

सगळं मिळून कुठवर जावं लागतं बघा. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या हेंडरसन लॅबच्या आगीत सापडली. जळके, चिकटलेले, ठिसूळ झालेले डबे ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या ॲकॅडमीच्या संग्रहाने फेकले नाहीत. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबने त्या फिल्मला पुन्हा ओलावा देऊन, परफोरेशनच्या कडा हाताने जोडून स्कॅन केलं. 'पथेर पांचाली'चा सुमारे 40 टक्के आणि 'अपराजितो'चा 60 टक्क्यांहून जास्त भाग त्या जळक्या निगेटिव्हमधून परत आला. 'अपूर संसार'ची निगेटिव्ह वापरण्यासारखी राहिलीच नव्हती, तिथे जगभरच्या संग्रहांमधले फाइन ग्रेन मास्टर आणि ड्यूप (निगेटिव्हवरून काढलेल्या मधल्या प्रती) कामी आले. 2015 मध्ये तीनही सिनेमे पुन्हा थिएटरात लागले.

'शोले'चंही तसंच. मूळ कॅमेरा निगेटिव्ह खराब झालेली, म्हणून ब्रिटनमधल्या गोदामात सापडलेल्या मधल्या पिढीच्या फिल्मवरून काम झालं. 2025च्या जूनमध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला तेव्हा 1975 साली सेन्सॉरने बदलायला लावलेला मूळ शेवटही त्यात होता.

आणि हे सगळं सोडून कोणीतरी डीव्हीडीची फाइल एआयच्या चरकात घालतो, आजीबाईच्या सुरकुत्या इस्त्री करून टाकतो, चौकोनी चित्राचं डोकं-पाय कापून ते आडवं करतो आणि वर लिहितो 'फोर के रिस्टोअर्ड'. अहो, तो रंगसफेदी केलेला वाडा आहे, पाया तोच!

रंगीत_तालीम

गाळलेली_फ्रेम, माहितीला दंडवत, पण तुच्छता नको. सामान्य प्रेक्षकाला ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, ही खराबी वाटते. 2004 साली 'मुगल-ए-आझम' पूर्ण रंगीत करून लावला तेव्हाच माझ्या भाच्यांनी तो पाहिला, कृष्णधवल लावला असता तर फिरकले नसते. रंग देणं, आवाज सुधारणं, हा हक्कधारकाचा निर्णय आहे. त्याच्या मालाचं त्याने काय करावं हे आपण कोण सांगणार?

काळंपांढरं

झालं. आता हा धागा दोनशेवर जाणार.

'त्याचा माल' इथेच तर गोम आहे. जॉन ह्यूस्टनचा 'द अस्फाल्ट जंगल' 1950चा. टर्नर कंपनीने तो रंगवला, अमेरिकेत सगळे हक्क त्यांचेच होते, कोणी अडवू शकलं नाही. तोच रंगीत सिनेमा फ्रान्सच्या वाहिनीवर दाखवायचं ठरलं तेव्हा ह्यूस्टनची मुलं आणि पटकथाकार बेन मॅडो कोर्टात गेले. 1991 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कृतीच्या अखंडतेचा हक्क कर्त्याचा, तो करार करून विकला जात नाही. ह्यूस्टन तोवर वारले होते, तरी त्यांचं म्हणणं टिकलं.

उपकलम

यात एक गंमत आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने 1987 मध्ये काही रंगवलेल्या आवृत्त्यांची नवी कृती म्हणून नोंद करायचं मान्य केलं. म्हणजे रंगवणाऱ्याला नव्याने मुदत मिळण्याची वाट मोकळी झाली. रंगाच्या हौसेमागे हाही हिशोब होता. नुसती धूळ झाडून, ओरखडे पुसून मूळ रूपात आणलं तर तिथे तसा नवा हक्क मिळणं कठीण, कारण त्यात नवं काही निर्माण केलेलं नसतं. ज्याने प्रामाणिक काम केलं त्याला कायद्यात कमी मिळतं.

भारतात कलम 57 आहे. कर्त्याची प्रतिष्ठा बिघडेल असा फेरफार झाला तर हक्क विकल्यावरही तो दाद मागू शकतो. सिनेमात 'कर्ता' कोण, हा मात्र वेगळाच गुंता. कायदा निर्मात्याला सिनेमाचा कर्ता मानतो. 2025 मध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून पुन्हा लावली, दिग्दर्शक आणि नायक दोघांनी उघड विरोध केला, तरी ती लागलीच.

रंगीत_तालीम

शेवट बदलणं मलाही मान्य नाही. तेवढं लिहून ठेवतो. रंगांवर ठाम आहे.

सुरात_नाही

अवांतर नाही, पण सगळे चित्राबद्दलच बोलताय. आवाजाचं काय? गाण्यांचं काय?

चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' 1970च्या दशकात विद्यार्थी असताना केलेला सिनेमा, खर्च 10 हजार डॉलरहून कमी. त्यात त्यांनी आवडती जुनी रेकॉर्ड केलेली गाणी वापरली, कारण तो विद्यापीठातला प्रबंध होता, धंदा नव्हता. समीक्षकांनी डोक्यावर घेतला तरी रीतसर प्रदर्शन व्हायला 2007 उजाडलं. संगीताचे हक्क सोडवायला दीड लाख डॉलर लागले. सिनेमाच्या पंधरापट! यूसीएलए विद्यापीठाच्या संग्रहाने त्याची 35 मिमी प्रत त्याआधीच करून ठेवली होती. चित्र तयार आणि गाण्यांसाठी वरात थांबलेली.

गाळलेली_फ्रेम

खरं आहे, माझीच चूक. आवाजाची फिल्म बहुतेक वेळा वेगळी असते आणि तिची हेळसांड जास्त. 'मंथन'मध्ये चित्र निगेटिव्हवरून आलं, पण आवाज एका रिलीज प्रिंटवरून (थिएटरात चालवलेल्या प्रतीवरून) घ्यावा लागला. गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये घालून 1976 साली केलेला सिनेमा. 2024 मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला आणि पाठोपाठ थिएटरात लागला. तो इतक्या सुरळीत लागला याचं एक कारण मला वाटतं हे, की निर्माता म्हणून उभी असलेली दूध संघटना अजून हयात आणि धडधाकट आहे. वारसांची भांडणं नाहीत, हरवलेला फायनान्सर नाही. 5 लाख मालक परवडले, तीन चुलतभाऊ नकोत.

रीळवाला

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

तीन चुलतभावांचं म्हणाल तर ऑर्सन वेल्सचा 'द अदर साइड ऑफ द विंड' आठवा. 1970 ते 76 चित्रीकरण, पैसे इराणच्या शाहच्या मेव्हण्याचे. इराणात क्रांती झाली, निगेटिव्ह पॅरिसच्या तिजोरीत अडकली, वेल्स 1985 साली वारले. मुलगी, शेवटपर्यंतची जोडीदारीण आणि निर्मिती कंपनी, तिघांच्या सह्या जुळायला आणखी तीस वर्षं गेली. 2018 मध्ये लोकांनी पाहिला. फिल्म खराब झाली म्हणून नव्हे, सह्या नव्हत्या म्हणून.

सावकाश_पहा

सगळ्यांचे आभार. घडामोडी सांगतो.

बाईंनी कपाट उपसून वडिलांचा एक करार काढला. मला त्यांनी फोटो पाठवला. टंकलेखित, सात पानी, वर्ष 1971. त्यात वितरकाला दिलेलं आहे: '35 मिमी आणि 16 मिमी फिल्मद्वारे प्रदर्शनाचे हक्क'. मुदतीची जागा कोरी! ठिपके ठिपके आणि त्यावर काहीच नाही. वितरक कंपनी कधीच गुंडाळली गेली. बाईंना आता धास्ती वाटतेय की त्या कंपनीचा कोणी वारस उगवला तर?

उपकलम, कोऱ्या जागेचा अर्थ काय लावायचा?

उपकलम

कागद पूर्ण पाहिल्याशिवाय सल्ला नाही, हे वकिली पालुपद आधी. आता सर्वसाधारण.

भारताच्या कायद्यात कलम 19मध्ये लिहिलंय की हस्तांतरणात मुदत दिली नसेल तर ती 5 वर्षं धरायची. हे वाचून लोक उड्या मारतात. खालचं पोटकलम 7 वाचत नाहीत. 1994ची दुरुस्ती लागू होण्यापूर्वीच्या करारांना तो नियम लावता येत नाही. तुमचा कागद 1971चा. म्हणजे 'मुदत नाही म्हणजे 5 वर्षं' हा सोपा रस्ता बंद. मग कराराची भाषा, दोघांचा त्यानंतरचा व्यवहार, हिशोब कधीपर्यंत दिला गेला, हे सगळं बघावं लागतं.

माध्यमाबाबत मात्र बाईंची बाजू बरी दिसते. 35 आणि 16 मिमी फिल्म असं नेमकं लिहिलंय. याच्या उलट उदाहरण म्हणजे 'फँटेसिया'. त्यातल्या स्ट्राविन्स्कीच्या संगीतासाठीचा 1939चा परवाना. 1991 मध्ये व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा प्रकाशकाने दावा लावला की व्हिडिओ तेव्हा नव्हताच, तो परवान्यात कसा येईल? 1998 मध्ये अपिली न्यायालयाने म्हटलं, शब्द पुरेसे व्यापक आहेत, व्हिडिओ बसतो. म्हणजे सगळी मदार शब्दांवर. 'कोणत्याही प्रकारे' लिहिलं तर पुढच्या शंभर वर्षांची यंत्रं आत येतात, 'फिल्मद्वारे' लिहिलं तर दार तिथेच लागतं.

तुमच्या एका खेळासाठी एवढं पुरे. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालवायची डिजिटल प्रत, ही फिल्म नव्हे.

फुकट_फौजदार

आणि वारसच सापडत नसतील तर? काही सोय आहे का?

उपकलम

युरोपात 2012चा अनाथ कृतींचा निर्देश आहे. संग्रहालयांनी कसून शोध घेतल्याची नोंद ठेवायची आणि मग ती कृती लोकांपुढे ठेवायची. धंदा करता येत नाही. भारतात कलम 31अ, परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. धागाकर्त्यांची हक्कधारक बाई फोन उचलते, यातच त्यांनी समाधान मानावं.

गाळलेली_फ्रेम

धागाकर्ते, एक व्यवहारी सूचना. तुम्ही संग्रहालयाला आणि बाईंना वेगवेगळी पत्रं लिहिताय. दोघांना एकाच पत्रात घ्या. बाईंकडून एका खेळापुरतं ना-हरकत पत्र, तारीख आणि जागा घालून. संग्रहालयाकडे फाइल मागू नका, फाइल कोणी देत नाही. कुलूपबंद डीसीपी आणि त्या दिवसापुरता केडीएम मागा. केडीएम म्हणजे किल्ली. ती एकाच सर्व्हरवर, ठरलेल्या वेळेतच चालते, वेळ संपली की डबा बंद. संग्रहालयाची भीती फाइल फुटण्याची असते, ती याने मिटते. सर्व्हरचं सर्टिफिकेट थिएटरवाल्याकडून आठवडाभर आधी घ्या, आयत्या वेळी किल्ली लागत नाही म्हणून रडणारे आयोजक मी पाहिलेत.

आणि बाईंना खेळाला बोलवा. पहिली रांग.

रीळवाला

पहिली रांग नको हो, मान मोडेल. मधली.

काळंपांढरं

वाचनखूण साठवली. धागाकर्ते, पुढे काय झालं ते लिहा, अर्धवट धागे फार झालेत इथे.

सावकाश_पहा

तीन आठवड्यांनी परत येतोय. खेळ झाला!

एकत्र पत्राने काम फत्ते. संग्रहालयाने अट घातली की डीसीपीची प्रत आणि केडीएमचा खर्च आम्ही उचलायचा. उचलला. बाईंनी दुसऱ्याच दिवशी सही करून पत्र पाठवलं. केडीएम शुक्रवारी रात्री आला, शनिवारी दुपारी 2 ते रात्री 10 एवढ्यापुरता. आम्ही खेळ 4 वाजता ठेवला होता. थिएटरातल्या मुलाने किल्ली चढवली, हिरवा दिवा लागला, आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

प्रत काय होती, काय सांगू. पावसाचा एक प्रसंग आहे. डीव्हीडीत तो करडा चिखल दिसतो. इथे थेंब मोजता येत होते.

मुद्द्यावर येतो. सिनेमाच्या साधारण मध्यावर पडदा काळा झाला आणि पाटी आली: 'या ठिकाणचा सुमारे दीड मिनिटाचा भाग उपलब्ध होऊ शकला नाही.' बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या वाकून कानात म्हणाल्या, 'असं कसं? इथे ती पत्र जाळते ना.'

मी म्हटलं, डीव्हीडीतही हा भाग नाहीये. त्या म्हणाल्या, 'डीव्हीडीत नाही, पण आम्ही लहानपणी घरी भिंतीवर बघायचो त्यात होता. वडिलांचा छोटा प्रोजेक्टर होता. ती रिळं अजून आहेत की माळ्यावर. पाच डबे. मला कोणी विचारलंच नाही.'

वाचनमात्र

!!!

रीळवाला

घरगुती प्रोजेक्टर म्हणजे 16 मिमी. त्या करारात 16 मिमी वेगळं नमूद होतंच. निर्मात्याने स्वतःसाठी एक प्रिंट काढून घेतलेली दिसते, आणि तीही काटछाट व्हायच्या आधी.

काळंपांढरं

'मेट्रोपोलिस'! 2008 साली ब्युनोस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात 16 मिमीची ड्यूप निगेटिव्ह सापडली, आणि ऐंशी वर्षं हरवलेली जवळजवळ 25 मिनिटं 2010 मध्ये परत आली. ओरखड्यांनी भरलेली, फ्रेमची कड कापलेली, पण आली.

सावकाश_पहा

मला आज रात्रीच त्यांच्याकडे जायचंय. माळ्यावर मीच चढणार आहे. डबे उघडून बघू का, पत्राचा प्रसंग कोणत्या रिळात आहे ते?

गाळलेली_फ्रेम

थांबा! काही उघडू नका. प्रोजेक्टरला तर अजिबात लावू नका, आक्रसलेली फिल्म असेल तर दात परफोरेशन फाडत जातील. डबे आडवेच खाली उतरवा, ऊन लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा. एकेका डब्याच्या झाकणाशी नाक नेऊन बघा आणि आंबूस वास येणाऱ्या डब्यांवर खडूने खूण करून ते बाजूला काढा. कोणत्या डब्यांना येतो तेवढं इथे लिहा. संग्रहालयाचा नंबर तुमच्याकडे आहेच, पण फोन बाईंना करू द्या.